सुपरचार्जर लावलेल्या गाडीचा आयडल वॉल्व काढला तर ताकद वाढते का?

दिग्रसकडच्या एका पोरानं विचारलंय. त्याच्याकडे जुनी एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची, जिप्सी आहे, तेराशे सीसीची, तिच्यावर त्यानं एका फॅब्रिकेशनवाल्याकडून सेकंडहँड जपानी छोटा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर, बसवून घेतला. थ्रॉटल बॉडी, म्हणजे रेस दिली की हवेची पत्ती उघडते तो भाग, जागच्या जागी आहे, ब्लोअर एअर फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधात. सहा पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढं जास्त प्रेशर, मिळेल असं सांगितलं होतं पण मीटरचा काटा चारच्या वर जात नाही. आता कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलं की आयडल वॉल्व काढ, तिथं पत्र्याची पट्टी मार, रेसवाले सगळे काढतात, ताकद वाढते. "काका काढू का?" एवढंच त्याचं विचारणं.

काढू नको गड्या. पण नुसतं काढू नको म्हणून मी सोडत नाही, कारण तुझे दोन पीएसआय खरंच कुठंतरी चालले आहेत आणि ते त्या वॉल्वच्याच रस्त्यानं जात असतील अशी मला दाट शंका आहे. म्हणजे ज्यानं तुला सांगितलं त्यानं जागा बरोबर दाखवली, इलाज चुकीचा सांगितला.

आधी तो वॉल्व करतो काय ते समजून घे. कार्बोरेटरच्या काळात आपण स्लोचा, म्हणजे पाय काढल्यावरच्या आयडल स्पीडचा, स्क्रू फिरवायचो आणि थंडीत चोक ओढायचो, ती दोन्ही कामं मिळून आता हा एकटा करतो. पाय काढला की थ्रॉटलची पत्ती जवळजवळ पूर्ण बंद होते, इंजिनला श्वास घ्यायला जागा राहत नाही, म्हणून त्या पत्तीला वळसा घालून एक बारीक रस्ता दिलेला असतो आणि त्या रस्त्यावर हा वॉल्व बसलेला असतो. इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला कमीजास्त उघडतो. थंड इंजिन असेल तर जास्त हवा, एसी लागला तर थोडी अजून, रात्री लाइट लावून अल्टरनेटरवर लोड आला तरी थोडी अजून. आणि एक काम लोकांना माहीतच नसतं, तू रेसवरून पाय झटकन काढतोस ना, तेव्हा हाच वॉल्व थोडी हवा धरून ठेवतो म्हणून आरपीएम हळू खाली उतरतो, नाहीतर काटा धाडकन खाली येऊन इंजिन बंदच पडेल.

आता ताकदीचं. आपल्याकडं जुन्या वाड्याला मोठा दरवाजा असतो आणि त्यातच एक छोटी दिंडी असते, रात्री दरवाजा लावला की माणसं दिंडीतून वाकून ये-जा करतात. दिवसा दोन्ही फळ्या सताड उघड्या असताना दिंडी उघडी आहे का बंद, कोण विचारते? फुल थ्रॉटलला तेच आहे. चाळीस मिलिमीटरच्या आसपासचा थ्रॉटल धर, त्याचं तोंड साडेबाराशे चौरस मिलिमीटरचं, आयडलचा रस्ता आठ मिलिमीटरचा धर, म्हणजे पन्नास चौरस मिलिमीटर, जेमतेम चार टक्के. आणि तो मोठ्या रस्त्यात आडवा नाही, बाजूनं जातो. जी वस्तू वाटेत उभीच नाही ती काढून वाट मोकळी कशी होईल? साध्या, ब्लोअर नसलेल्या गाडीत तर हा विषय इथंच संपतो, काढून फायदा शून्य.

ब्लोअर लावला की मात्र गणित बदलते आणि मला जास्त सांगायचंय ते इथंच.

तो वॉल्व एका बाजूनं हवा घेतो, दुसऱ्या बाजूनं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरकडं जाणाऱ्या नळ्यांत, सोडतो. कंपनीनं गाडी बनवली तेव्हा मॅनिफोल्डमध्ये कायम व्हॅक्युम किंवा फार तर बाहेरच्या हवेइतकं प्रेशर राहणार हे धरून चालले, त्यामुळं हवा उलटी जाण्याचा प्रश्नच नव्हता. आता तू ब्लोअर लावला. मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त प्रेशर आलं. आणि तू लिहिलंस की आयडल वॉल्वचा होज अजून एअर फिल्टरच्या डब्यालाच जोडलेला आहे, म्हणजे ब्लोअरच्या आधी. मग काय होते, ब्लोअरनं मेहनतीनं दाबलेली हवा मॅनिफोल्डमधून त्याच वॉल्वातून उलटी निघते, होजमधून फिल्टरच्या डब्यात जाते, आणि ब्लोअर तीच गरम झालेली हवा परत ओढून परत दाबतो. मोटर चालू आहे, विहिरीतून पाणी वर येतंय आणि पाइपाच्या फुटक्या जॉइंटमधून परत विहिरीत पडतंय, तसला प्रकार.

आठ मिलिमीटरच्या भोकातून किती जाणार असं वाटेल तुला. मी हिशोब करून बघितला. भोक पूर्ण उघडं धरलं आणि मॅनिफोल्डमध्ये सहा पीएसआय धरले तर मिनिटाला पाचशे-सहाशे लिटर हवा निघून जाते. तीन हजार आरपीएमला तुझं तेराशेचं इंजिन जेवढी हवा गिळते त्याच्या जवळजवळ पाव हिस्सा झाला हा. सहा हजारावर इंजिनच दुप्पट गिळते, तिथं हा हिस्सा सातवा-आठवा होतो. वॉल्व चालत्या गाडीत पूर्ण उघडा नसतो म्हणून प्रत्यक्षात कमी जाईल, पण तुझे दोन पीएसआय गायब व्हायला तेवढं पुरे आहे. बघ गंमत, तेच भोक दोन्ही बाजूला सारखं प्रेशर असलं तर काहीच फरक पाडत नाही आणि एका बाजूला बूस्ट, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असली तर मोठा लीक होतो. म्हणून वॉल्व आहे का नाही हे बघण्यापेक्षा त्याचं तोंड कुठं उघडते ते बघ.

आता कळलं ना पट्टी मारणाऱ्यांना फरक का वाटतो. त्यांच्या गाडीत असाच लीक असतो, पट्टी मारली की लीक बंद, बूस्ट वाढतो, आणि मग ते सगळ्यांना सांगत सुटतात की वॉल्व काढल्यानं ताकद येते. ताकद लीक बंद केल्यानं आली. ती वॉल्व ठेवूनही बंद करता येते.

कसा, ते सांगतो. तुझ्या गाडीत ब्लोअर आधी आणि थ्रॉटल नंतर आहे. आयडलचा होज फिल्टरच्या डब्यातून काढ, त्या भोकाला बूच मार, आणि ब्लोअर आणि थ्रॉटल यांच्या मधातल्या पाइपाला एक निप्पल वेल्ड करून होज तिथं जोड. झालं. आता बूस्ट असताना वॉल्वच्या दोन्ही बाजूला जवळपास सारखंच प्रेशर, हवा उलटी जायला कारणच नाही. होज मात्र साधा पाण्याचा पाइप घेऊ नको, तो व्हॅक्युमला चिपकतो आणि बूस्टला फुगतो, कापडाचा थर असलेला प्रेशरचा रबर होज घे आणि दोन्ही टोकाला चांगले क्लॅम्प मार. निप्पल वेल्ड करताना पाइप गाडीवरून काढून कर आणि आतून ब्रश मारून धुऊन बसव, वेल्डिंगचा एक कण जरी आत गेला तर थ्रॉटलमधून सरळ सिलिंडरमध्ये जाईल.

वेल्डिंग करायचंच नसेल तर होजमध्ये एकतर्फी वॉल्व टाकता येतो, आपल्या विहिरीच्या मोटरच्या फुटवॉलसारखा, हवा आत जाऊ देईल, परत येऊ देणार नाही. चालते हेही. पण माझा अनुभव असा की स्वस्तातला वॉल्व इंजिनच्या उष्णतेनं वर्षभरात कडक होतो, मग एकतर अडकतो नाहीतर गळतो, आणि बारीक वॉल्व टाकला तर थंड इंजिनला पुरेशी हवाच मिळत नाही. म्हणून मी पहिलाच उपाय करतो. वॉल्व थ्रॉटल बॉडीच्या आतच बसवलेला असेल आणि तो थ्रॉटलच्या आधीच्या बाजूनंच हवा घेत असेल, तर तुझ्यासारख्या जोडणीत तो आपोआपच बरोबर जागी आहे, काही करायची गरज नाही.

ज्यांच्याकडं उलटी जोडणी आहे, म्हणजे थ्रॉटल आधी आणि ब्लोअर नंतर, त्यांनी आयडलची हवा थ्रॉटल आणि ब्लोअरच्या मधात सोडायची. तिथं कधीच बूस्ट येत नाही, त्यामुळं लीकचा प्रश्न नाही. ब्लोअरच्या पुढं मॅनिफोल्डमध्ये सोडली तर पुन्हा तीच रडकथा. आणि मर्सिडीजच्या सी २०० कॉम्प्रेसरसारख्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत तर वेगळा आयडल वॉल्वच नसतो, थ्रॉटलची पत्तीच मोटरनं किंचित उघडून स्लो सांभाळते. तिथं कोणी आयडल वॉल्व काढून देतो म्हणाला तर तो दुसरंच काहीतरी काढेल, त्याला गाडीला हात लावू देऊ नका.

यावरून आठवलं, दुसरंच काहीतरी काढणं हा फार मोठा धोका आहे. आपल्याकडं सगळ्यालाच वॉल्व म्हणतात आणि पोरं एकाच्या जागी दुसरा काढून बसतात. सुपरचार्जरला एक बायपास वॉल्व असतो, तो पाय काढला की ब्लोअरची हवा फिरवून परत त्याच्याच तोंडाशी आणून सोडतो. ब्लोअर बेल्टवर आहे, इंजिन फिरते तोवर तो हवा ढकलतच राहणार, तुझ्या जोडणीत पुढं थ्रॉटल बंद झाला तर ती हवा जाईल कुठं? पाइप उडेल, बेल्ट घसरेल, ब्लोअर विनाकारण तापेल. टोयोटानं १९८६ मध्ये ४ए-जीझेडई हे १.६ लिटरचं सुपरचार्ज इंजिन काढलं तेव्हाच त्यात हवेचा बायपास वॉल्व दिला होता, वर ब्लोअरच्या पुलीला एसीच्या कॉम्प्रेसरसारखा मॅग्नेटिक क्लच पण दिला, गरज नसेल तेव्हा ब्लोअर सुटाच. तुझ्या गाडीत बायपास आहे का हे तू लिहिलं नाहीस. नसेल तर आयडलचा होज हलवायच्या आधी बायपास बसव, नाहीतर पाय काढल्यावर पाइपात कोंडलेलं प्रेशर आयडलच्या रस्त्यानं आत घुसेल आणि आरपीएम खालीच येणार नाही.

काढल्यावर काय होते हे मी माझ्या गॅरेजात बघितलंय. पाचसहा वर्षांपूर्वी उमरखेडकडचा एक मुलगा दीड लिटरची जुनी सेडान घेऊन आला, ब्लोअर बसवलेली, वॉल्वच्या जागी पट्टी. स्लो राहावी म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू, म्हणजे पत्ती किती बंद व्हावी ते ठरवणारा, आत फिरवलेला. गरम इंजिनवर बाराशेवर उभी राहत होती, पण डिसेंबरच्या सकाळी दहा मिनिटं पाय रेसवर ठेवल्याशिवाय चालू राहत नव्हती. एसी लावला की थरथर. आणि स्टॉप स्क्रू फिरवल्यानं अजून एक घोटाळा झाला होता, थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज वर गेलं, इसीएमला वाटायचं की ड्रायव्हरचा पाय रेसवरच आहे, मग उतारावर पाय काढल्यावर जे पेट्रोल बंद व्हायला पाहिजे ते होतच नव्हतं. अॅव्हरेज गेलं, सायलेन्सरमधून फटफट आवाज. चेक लाइट लागलेली, पी ०५०५ चा कोड, तो आयडल सर्किटचाच आहे. आरपीएम ठरल्यापेक्षा खाली राहिला तर पी ०५०६ येतो, वर राहिला तर पी ०५०७.

हे सगळं चालवून घेतलं असतं त्यानं. पण पुसदच्या घाटात समोर बैलगाडी आली म्हणून त्यानं क्लच दाबून ब्रेक मारला आणि आरपीएम पडून इंजिन बंद झालं. स्टिअरिंग एकदम जड. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबापुरतंच व्हॅक्युम उरते, तिसऱ्या दाबाला पेडल दगडासारखं लागते. गाडी थांबली, कोणाला लागलं नाही, पण तो मुलगा माझ्यासमोर बसून ते सांगत होता तेव्हाही त्याचा आवाज लागत नव्हता. मी त्याचा वॉल्व परत बसवला, होज ब्लोअरनंतर घेतला, स्टॉप स्क्रू जागेवर आणून थ्रॉटल सेन्सरची झिरो पोझिशन शिकवली. बूस्ट पट्टी असताना जेवढा होता तेवढाच राहिला, कमी झाला नाही, आणि स्लो साडेआठशेवर शांत.

रेसवाले काढतात हे खरं आहे. त्यांची गाडी ट्रेलरवरून येते, दोन तास ट्रॅकवर पळते, स्लो बाराशे-पंधराशेवर असली तरी कोणाला घेणंदेणं नाही, एसी नाही, इसीएम वेगळा आणि स्लो इग्निशनच्या टायमिंगवर सांभाळण्याची त्यात सोय केलेली, बऱ्याचदा थ्रॉटल बॉडीच अशी की तिला आयडलचा रस्ताच नाही. त्यांना एक वायर आणि एक होज कमी झाला, बिघडायची एक वस्तू कमी झाली. तुला त्याच गाडीनं सकाळी दूध घालायला, दुपारी शेतात आणि लग्नसराईत घरचे घेऊन जायचंय.

आता तुझ्या गाडीत खरंच तिथूनच लीक आहे का हे आधी तपास, माझ्या अंदाजावर वेल्डिंग करू नको. मोकळा रस्ता बघ, तिसऱ्या गिअरमध्ये फुल रेस दे, सोबतच्याला मीटर बघायला सांग. मग आयडलचा होज तात्पुरता पकडीनं चिमटून परत तेच कर. काटा चारवरून पाच-साडेपाचवर गेला तर चोर सापडला. नाही गेला तर लीक दुसरीकडं आहे. टेस्ट संपली की पकड काढायला विसरू नको.

दुसरीकडं म्हणजे कुठं, तर टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डला जाणारा पीसीव्ही, म्हणजे इंजिनच्या पोटातला वायू बाहेर ओढणारा एकतर्फी वॉल्व, आधी बघ. तो गळला तर बूस्ट इंजिनच्या पोटात शिरतो आणि ऑइल सील बाहेर ढकलतो, हा मला आयडल वॉल्वपेक्षा जास्त भीतीचा वाटतो. मग ब्रेक बूस्टरच्या होजमधला एकतर्फी वॉल्व, पेट्रोलची वाफ धरणाऱ्या चारकोल कॅनिस्टरचा होज, मॅनिफोल्डचं गॅसकेट. इंजिन बंद ठेवून इनटेकच्या तोंडाला बूच लावायचं, त्यातून कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरनं पाच पीएसआयवर धरून सोडायची आणि साबणाचं पाणी मारायचं, पंक्चर काढतो तसं, बुडबुडे सांगतात. पाचच्या वर जाऊ नको. बेल्ट पण बघ, पुलीजवळ काळी भुकटी पडली असेल तर बेल्ट घसरतोय. आणि फिल्टर. तुमच्याकडं जिनिंगच्या सीझनला हवेत जी रुई उडते ती फिल्टरवर गादीसारखी बसते, ब्लोअरला ओढायलाच हवा मिळाली नाही तर तो दाबेल काय.

उन्हाळ्याचं वेगळंच आहे. ४५ डिग्रीची हवा ही १५ डिग्रीच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के पातळ असते, आणि तीच हवा सहा पीएसआयनं दाबली की छोट्या रूट्स जातीच्या ब्लोअरमधून निघताना हिशोबानं शंभर डिग्रीच्या आसपास जाते. म्हणजे मे महिन्यात दुपारी गाडी मेल्यासारखी वाटली तर वॉल्वला दोष देऊ नको. पैसे लावायचेच असतील तर दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर लाव, तिथं प्रत्येक रुपयाची ताकद मिळते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाच. लीक बंद झाला की बूस्ट चारवरून सहावर जाईल, इंजिनला हवा जास्त मिळेल, पण पेट्रोल तेवढं वाढेलच असं नाही. बिनब्लोअरच्या गाडीचा कंपनीचा मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा, एक बारच्या, म्हणजे साध्या हवेच्या दाबाच्या, थोडं वरपर्यंतच मोजतो, त्याच्यापुढं तो आंधळा आहे, इसीएमला बूस्ट दिसतच नाही. तुझ्या फॅब्रिकेशनवाल्यानं पेट्रोलचं जे काही सेटिंग केलं असेल ते चार पीएसआयवर चालवून बघून केलं असेल. सहावर तेच सेटिंग लीन झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, तर डिटोनेशन होते, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण भलत्या वेळी स्फोटासारखं पेटते, आणि पिस्टनला भोक पडायला एकच लांब चढ पुरतो. म्हणून आधी एअर-फ्युएल मीटर लाव, बूस्टमध्ये आकडा, म्हणजे एक भाग पेट्रोलला किती भाग हवा, साडेअकरा-बाराच्या जवळ पाहिजे, तेराच्या वर जाताना दिसला की लगेच पाय काढ. ते जमल्याशिवाय होज हलवूच नको, तो चिमटून करायची टेस्टही त्याच्यानंतरच, चार पीएसआयवर अजून महिनाभर चालली तर काही बिघडत नाही.

वॉल्व हातात घेतलाच आहेस तर साफ करून बसव. थ्रॉटल क्लीनर मार, मऊ ब्रशनं कार्बन काढ, पण स्टेपर मोटरची सुई बोटानं दाबून आत ढकलू नको, गिअर तुटतो. गॅसकेट नवं टाक. बसवल्यावर बॅटरीची निगेटिव्ह थोडा वेळ काढून ठेव, मग चालू करून रेसला हात न लावता इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत उभी राहू दे, एसी असेल तर एकदा लावून एकदा बंद करून बघ, इसीएम स्लो परत शिकून घेतो.

यातलं काही एकट्यानं करायला भीती वाटत असेल तर दारव्हा रोडवर माझ्याकडं घेऊन ये. आदल्या दिवशी संध्याकाळीच आणून लाव आणि चावी देऊन जा, सकाळी पूर्ण थंड इंजिनवर पहिला स्टार्ट मला स्वतःला मारायचाय.